दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलंय? मेंदूच्या ऑक्सिजनची तयारी घरापासून

"चार भोकं तर पाडायची आहेत, त्याला पूर्ण भूल कशाला?"

पित्ताशयातल्या खड्यांसाठी आलेल्या बाईचा नवरा, दीर नाहीतर मुलगा, कोणीतरी हे विचारतंच. त्यांचं काही चुकत नाही. जखम लहान म्हणजे ऑपरेशन लहान, असा हिशेब कोणीही करेल. सर्जनच्या बाजूने तो बराचसा बरोबरही आहे: टाके कमी, दुखणं कमी, एक-दोन दिवसांत घरी. मी मात्र पडद्याच्या अलीकडे, पेशंटच्या उशाशी उभी असते. भूल देणं हे माझं काम. तिथून पाहिलं तर दोन गोष्टी डोळ्यांत भरतात: पोट वायूने फुगवलेलं असतं आणि टेबल चांगलंच तिरकं केलेलं असतं. दोन्हींचा थेट संबंध मेंदूला मिळणाऱ्या रक्ताशी, म्हणजेच ऑक्सिजनशी आहे.

धडधाकट माणूस हे सहज पेलतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हा भारतात ती नवलाई होती; आज तालुक्याच्या गावीही हे रोजचं काम आहे. काळजी असते ती सत्तरीपुढच्यांची, बीपी-शुगरवाल्यांची, अंगात रक्त कमी असलेल्यांची, पूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्यांची. घरात असं कोणी असेल तर पुढचं सावकाश वाचा. यातलं निम्मं काम ऑपरेशन थिएटरमध्ये होतं, निम्मं तुमच्या हातात असतं.

आधी थोडं समजून घ्या: बोटावरचे ९९ काय सांगत नाहीत

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खातो. आणि साठवण शून्य. पुरवठा पूर्ण थांबला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते.

कोविडनंतर प्रत्येकाला ऑक्सिमीटर माहीत झाला. बोटाला चिमटा लावला, ९९ आले, की सगळे निर्धास्त. पण तो चिमटा सांगतो एवढंच की टँकर भरलेले आहेत. टँकर किती आहेत आणि ते वस्तीपर्यंत पोचताहेत का, हे त्याला कळत नाही. टँकर म्हणजे हिमोग्लोबिन, रस्त्यावरचा जोर म्हणजे बीपी. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईच्या बोटावरही ९९ दिसतात.

यात तिसरी एक गंमत आहे, कार्बन डायऑक्साइडची. तो रक्तात वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या फुलतात, कमी झाला की आकसतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट फुगवायला नेमका हाच वायू वापरतात. त्याला कारण आहे. तो पेटत नाही, त्यामुळे आत विजेचं उपकरण वापरता येतं. आणि रक्तात चटकन विरघळून फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. पोटातला दाब साधारण १२ ते १५ मिमी पारा ठेवतात. वायू थोडा थोडा रक्तात शिरत राहतो आणि आम्ही व्हेंटिलेटरवर श्वास वाढवून तो बाहेर काढतो. इथे हात जड पडला, श्वास गरजेपेक्षा जास्त दिला, तर कार्बन डायऑक्साइड फार खाली जातो, मेंदूच्या वाहिन्या आकसतात आणि भरलेले टँकर वेशीवरच अडतात. म्हणून मॉनिटरवर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची रेघ असते, आणि तिचा आकडा साधारण ३५ ते ४५ च्या मध्ये ठेवणं हे माझं त्या दोन तासांतलं एक मुख्य काम.

आता टेबल. पित्ताशयासाठी डोकं वर, पाय खाली. रक्त पायांकडे उतरतं, त्यात फुगलेलं पोट हृदयाकडे परतणारं रक्त अडवतं, बीपी घसरतं. गर्भाशय किंवा प्रोस्टेटसाठी याच्या उलट: डोकं खाली. तिथे रक्त डोक्यात तुंबतं, मेंदूभोवतीचा दाब वाढतो. तीन-चार तास चाललेल्या ऑपरेशननंतर पापण्या आणि चेहरा सुजलेला दिसतो तो यामुळे. नातेवाईक घाबरतात, पण बहुधा ती सूज दुसऱ्या दिवसापर्यंत उतरते.

खांद्याची दुर्बीणही लक्षात ठेवा. ती अनेकदा पेशंटला आरामखुर्चीसारखं बसवून करतात. बीपीचा पट्टा दंडाला, मेंदू त्याच्या वीसेक सेंटिमीटर वर. दर १० सेंटिमीटरला सुमारे साडेसात मिमी पाऱ्याचा फरक पडतो. म्हणजे पट्टा सरासरी दाब ८० दाखवत असेल तर मेंदूशी तो ६५ च्या आसपासच आहे. पट्टा पोटरीला बांधला असेल तर फसगत आणखी मोठी. हा हिशेब न करता पडद्यावरच्या आकड्यावर विसंबणं ही या खुर्चीतली जुनी चूक आहे.

पहिली पायरी: दोन ते चार आठवडे आधी

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे बीपीची वही. मेंदू आपला रक्तपुरवठा बीपीच्या एका ठरावीक मर्यादेत स्वतः सांभाळतो. बीपी थोडं वर-खाली झालं तरी त्याला झळ पोचत नाही. पण वर्षानुवर्षं बीपी जास्त असलेल्या माणसाची ही मर्यादा वर सरकलेली असते. ज्याचं नेहमीचं बीपी १५०/९० आहे त्याच्या मेंदूला १००/६० परवडेलच असं नाही, जरी तो आकडा तुमच्या-माझ्यासाठी ठीक असला तरी. म्हणून मला पेशंटचं नेहमीचं बीपी हवं असतं. दवाखान्यातलं नको, तिथे भीतीनेच ते २० ने चढतं. घरचं हवं.

एकदा एक मावशी लेकीच्या जुन्या शाळेच्या वहीत सकाळ-संध्याकाळचं तीन आठवड्यांचं बीपी लिहून घेऊन आल्या. शेजारी बारीक अक्षरात टिपाही होत्या: "भांडण झालं", "गोळी विसरले", "एकादशी". सरासरी १४४/८६. टेबल तिरकं केल्यावर त्यांच्या बीपीचा वरचा आकडा ९८ पर्यंत घसरला, तेव्हा मला विचार करावा लागला नाही. वही नसती तर "९८ चालेल" म्हणून पाच मिनिटं थांबले असते. साधारण नियम असा, की नेहमीच्या आकड्यापासून २० टक्क्यांहून जास्त खाली जाऊ द्यायचं नाही. पण "नेहमीचा आकडा" माहीतच नसेल तर २० टक्के कशाचे काढायचे?

तेव्हा सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, पाच मिनिटं शांत बसून, त्याच दंडाचं बीपी लिहा. दहा दिवसांची नोंदही पुरते.

दुसरं हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गर्भाशय काढायला येणाऱ्या बायकांची अंगावरून जाण्याची तक्रार आधीच असते, म्हणजे टँकर आधीच कमी. ऑपरेशनची घाई नसेल तर तारीख ठरवण्याआधी रक्त तपासा. लोहाच्या गोळ्यांना असर दाखवायला काही आठवडे लागतात. वेळ कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी रिपोर्टात ८ दिसलं की मग पळापळ होते, रक्ताची बाटली शोधली जाते. बीट आणि गूळ खाऊन आठवड्यात भरून निघेल असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

तंबाखू. विडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. वर बोटाच्या चिमट्याला हा फरक कळत नाही, तो ९८ च दाखवतो. एक पूर्ण दिवस विडी बंद ठेवली तरी हा वायू बराच उतरतो. फुप्फुसांना खरा फायदा हवा असेल तर चार आठवडे किंवा त्याहून जास्त. मिशरी लावणाऱ्या आजी "मी कुठे तंबाखू खाते?" म्हणतात. मिशरी तंबाखूच आहे. तिच्यात धूर नाही, पण निकोटीनने नाडी आणि बीपी चढतं. विचारलं नाही तरी सांगा. ओरडणार नाही कोणी.

घोरणं हा विनोदाचा विषय नाही. रात्री घोरता घोरता श्वास थांबतो, मग दचकून सुरू होतो, हे शेजारी झोपणाऱ्यालाच माहीत असतं. म्हणून तपासणीला नवऱ्याबरोबर बायकोने यावं, किंवा उलट. अशा माणसाला भुलीनंतर झोपेचं आणि जोरदार वेदनाशामक औषध जपून द्यावं लागतं. घरी श्वासाचं मशीन वापरत असतील तर ते हॉस्पिटलात सोबत आणा.

आणि विसराळूपणा. आजोबा हल्ली तेच तेच विचारतात, वाट चुकतात, दुधवाल्याला दोनदा पैसे देतात, हे मुलं लाजेने सांगत नाहीत. ऑपरेशननंतर भ्रम कोणाला होईल याचा यापेक्षा चांगला अंदाज आम्हाला दुसऱ्या कशातून क्वचितच मिळतो.

रोज अर्धा तास चाला, आणि श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं "फुंकण्याचं" खेळणं मिळालं असेल तर आधीच शिकून घ्या. ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं.

दुसरी पायरी: आदले तीन दिवस

औषधांची यादी नको, गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून आणा. "पांढरी छोटी, बीपीची" यावरून काही कळत नाही. बंद-चालू भूलतज्ज्ञाला विचारूनच करायचं, पण साधारण दिशा सांगते. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या गटाची गोळी अचानक सोडू नका. सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते. टेल्मिसार्टन, रामिप्रिल गटातली गोळी आदल्या दिवसापासून थांबवायला अनेक भूलतज्ज्ञ सांगतात, कारण भुलीखाली तिच्यामुळे बीपी फार घसरू शकतं. शुगरच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती तीन दिवस आधी बंद करतात. वजनासाठी सेमाग्लुटाइड घेत असाल तर नक्की सांगा. त्याने पोट उशिरा रिकामं होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबाबत स्वतःच्या मनाने काहीही करू नका, विशेषतः स्टेंट असेल किंवा झटका येऊन गेला असेल तर.

उपास. हलकं खाणं सहा तास आधी थांबवायचं, तळलेलं-तुपकट आठ तास आधी, साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही. खरी अडचण वेगळीच असते: नऊच्या ऑपरेशनसाठी आजी रात्री आठपासून पाण्याचा थेंब घेत नाहीत, नंबर लागतो दुपारी एकला. सतरा तास कोरड्या राहिलेल्या आजीचं बीपी भूल देताच खाली येणार, यात आश्चर्य काय? नंबर पुढे ढकलला की नर्सला स्पष्ट विचारा, "आता पाणी देऊ का?" मधुमेह्यांसाठी हे दुप्पट महत्त्वाचं, कारण साखर उतरणंही मेंदूला तितकंच घातक.

नेलपॉलिश काढा. दाट मेंदी असेल तर सांगा, चिमटा कानाच्या पाळीला लावता येतो.

तिसरी पायरी: भूलतज्ज्ञाला काय विचारायचं

बहुतेक घरं सर्जनला वीस प्रश्न विचारतात आणि भूलतज्ज्ञाला एकच: "शुद्धीवर कधी येतील?" त्याऐवजी हे विचारा: यांच्या वयाला आणि बीपीला धरून तुम्ही बीपी किती ठेवणार? टेबल किती वेळ तिरकं राहील? पोटातला दाब कमी ठेवून काम होईल का? शेवटचा प्रश्न सर्जनलाही विचारायला हरकत नाही. काही ऑपरेशनं ८ ते १० मिमी दाबावरही होतात. पण आतलं नीट दिसत नसेल तर दाब वाढवणंच सुरक्षित, हेही समजून घ्या.

मेंदूचा ऑक्सिजन थेट पाहणारा मॉनिटर असतो का? असतो. कपाळावर दोन पट्ट्या लावतात, त्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या (निअर-इन्फ्रारेड) प्रकाशाने मेंदूच्या पुढच्या भागातलं ऑक्सिजनचं प्रमाण दिसतं. शास्त्रज्ञ फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये ही वाट दाखवली. जागेपणीचा आकडा बहुधा ६० ते ७५ च्या दरम्यान असतो. त्याच पेशंटच्या सुरुवातीच्या आकड्यापेक्षा २० टक्के घसरण झाली की आम्ही एकेक कारण तपासतो: मान वळून शीर दबली आहे का, बीपी, कार्बन डायऑक्साइड, हिमोग्लोबिन, भूल जास्त खोल झाली आहे का. हृदयाच्या ऑपरेशनात आणि खांद्याच्या खुर्चीत त्याचा वापर जास्त. साध्या पित्ताशयासाठी प्रत्येकाला तो हवाच असं मी म्हणणार नाही. पट्टी लावल्याने सगळ्याच ऑपरेशनांत निकाल सुधारतो असा ठोस पुरावा नाही, आणि छोट्या हॉस्पिटलात तो नसतोच. तो नाही म्हणून ऑपरेशन रद्द करू नका. नीट मोजलेलं बीपी, श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची रेघ आणि जागचा न हलणारा भूलतज्ज्ञ, एवढं असेल तर बरंच झालं.

छोट्या गावात काम करणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांसाठी दोनच ओळी. वायू हळू भरायला सांगा, टेबल टप्प्याटप्प्याने तिरकं करा, आणि प्रत्येक टप्प्यावर बीपी पुन्हा घ्या. "झालं का?" म्हणून सर्जन घाई करतील, करू द्या.

चौथी पायरी: भूल उतरल्यावरचे पहिले दोन दिवस

सत्तरी ओलांडलेले एक आजोबा. पित्ताशय सुरळीत निघालं. रात्री दोनला नर्सला म्हणाले, "गोठ्याचं दार उघडं आहे, म्हैस सुटली," आणि सलाईन उपटायला लागले. मुलगा रडवेला. मी पोचले तेव्हा खोलीत झगझगीत ट्यूबलाइट, भिंतीवर घड्याळ नाही, आजोबांचा चष्मा आणि कानाचं यंत्र मुलाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, "हरवायला नको" म्हणून सकाळपासून जपून ठेवलेलं. ऑक्सिजन, बीपी, साखर तपासली, लघवी तुंबलेली नाही हे पाहिलं. मग कानात यंत्र घातलं, चष्मा दिला, मोठा दिवा बंद केला. मुलाला म्हटलं, "गावचं काहीतरी बोलत राहा." पहाटेपर्यंत तुटक का होईना, झोपले. दुसऱ्या दिवशी म्हशीची आठवणही नव्हती.

याला आम्ही भ्रम म्हणतो, वेड नाही. तो पहिल्या तीनेक दिवसांत येतो आणि लाटेसारखा कमी-जास्त होतो. आरडाओरडा करणारा भ्रम सगळ्यांना दिसतो. गप्प भ्रम कोणाला दिसत नाही: आजी डोळे मिटून पडून, हाकेला अर्धवट ओ, जेवायला नको, आणि घरचे म्हणतात, "दमल्यात, झोपू दे." हे लगेच नर्सला सांगा. आजी नेहमी कशा असतात हे फक्त तुम्हाला माहीत आहे.

म्हणून शुद्धीवर येताच चष्मा, कानाचं यंत्र, कवळी परत द्या. एकच ओळखीचं माणूस उशाशी राहू दे. दहा नातेवाईक नकोत. वार, वेळ, जागा सहज बोलण्यात आणा. दिवसा पडदा उघडा, रात्री अंधार. वेदनाशामक ठरलेल्या वेळी द्या. "सोसवतंय" म्हणत कळ काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला झोप येत नाही, खोल श्वास घेववत नाही आणि भ्रमाला आयतं निमित्त मिळतं. घरून आणलेली झोपेची गोळी गुपचूप देऊ नका. आणि ती रोजच घेत असतील तर अचानक बंदही करू नका. आधीच आम्हाला सांगा.

थंडी वाजून कुडकुडणं चालू दिसलं तर पांघरूण मागा, कुडकुडण्याने शरीराची ऑक्सिजनची मागणी खूप वाढते. डोकं थोडं उंच ठेवा. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच संध्याकाळी उठवा, पण तीन टप्प्यांत: आधी बसवा, मग पाय खाली सोडून दोन मिनिटं, मग उभं. थेट उभं केलं की बीपी घसरतं आणि आजी न्हाणीघराच्या दारात पडतात.

खांदा दुखेल. उजवा जास्त. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा, म्हणून हार्ट अटॅकची शंका येते. उरलेला वायू पडद्यासारख्या श्वासाच्या स्नायूला चेतवतो, त्याची आणि खांद्याची नस एकाच मुळातून निघते. चालण्याने आणि शेकाने दोन-तीन दिवसांत जातं. पण छातीत दाब, घाम, धाप असेल तर शेकत बसू नका, ईसीजी काढा.

पाचवी पायरी: घरी

पेज, मऊ भात, ताक, हळूहळू नेहमीचं. दोन तासांनी एकदा दहा लांब श्वास. बीपीची वही पुन्हा सुरू करा, कारण थांबवलेली गोळी परत कधी घ्यायची हे अर्ध्या घरांत राहूनच जातं. डिस्चार्ज कार्डावर ते लिहून मागा. कपाटातला ऑक्सिमीटर काढा. आधी फुप्फुसं चांगली असलेल्या माणसाचा आकडा ९४ च्या खाली टिकून राहिला तर फोन करा. ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणायची गरज नाही.

तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतंय, अचानक दिसेनासं झालं, पोटरी सुजून दुखतेय, धाप, ताप, पोट फुगून कडक, वाढत जाणारी पोटदुखी, कावीळ, किंवा माणूस उठवल्यावरही नीट जागा होत नाही: यातलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. पहिल्या चारांपैकी काही असेल तर सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेल्या हॉस्पिटलात थेट जा आणि पहिलं वाक्य हे सांगा: "अमुक दिवशी ऑपरेशन झालंय, आणि हे अमुक वाजता सुरू झालं."

एक शेवटचं काम. भुलीचा कागद, ज्यावर दर पाच मिनिटांचं बीपी लिहिलेलं असतं, त्याची प्रत मागून फाइलमध्ये ठेवा. त्या वहीवाल्या मावशी दोन वर्षांनी गुडघ्यासाठी दुसऱ्या हॉस्पिटलात गेल्या, तेव्हा त्यांनी तो कागद वहीच्या शेवटच्या पानाला डिंकाने चिकटवून नेला होता.